विश्लेषण : ‘लिनक्स टाका’ म्हणतात, पण कोणते? डेस्कटॉपवरील फाटाफुटीची किंमत कोण मोजते?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ला नियमित सुरक्षा दुरुस्त्या देणे थांबवले. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधी घेतलेला संगणक ठणठणीत असला तरी नियमात बसत नाही. आणखी वर्षभर दुरुस्त्या मिळवण्याची सोय कंपनीने ठेवली, पण ती मुदतवाढ झाली. मुलांच्या अभ्यासाचा घरचा पीसी, झेरॉक्सच्या दुकानातला, सोसायटीच्या कार्यालयातला, शाळेच्या संगणक कक्षातला, अशा यंत्रांसाठी मग एक सल्ला हमखास मिळतो : लिनक्स टाका. फुकट आहे, हलके आहे, व्हायरसचा त्रास कमी.

सल्ला चुकीचा नाही. घोडे अडते ते पुढच्या प्रश्नापाशी. कोणते लिनक्स? पुतण्या म्हणतो उबुंटू, दुरुस्तीवाला म्हणतो मिंट, यूट्यूबवरचा कुणी फेडोरा, कुणी झोरिन, आणि एखादा तर थेट आर्च. एक निवडले की पुढचा प्रश्न : ग्नोम, केडीई की सिनॅमन? नवखा माणूस इथेच संगणक बंद करतो आणि जुने विंडोज तसेच चालू ठेवतो, दुरुस्त्यांविना. बँकेचे व्यवहारही त्यावरच करतो. लिनक्सच्या फाटाफुटीची चर्चा एरवी जाणकारांपुरती असते. पण तिची खरी किंमत मोजणारा हा माणूस त्या चर्चेत कधीच नसतो.

लिनक्स एक, मग अवतार इतके कशाला?

काटेकोर अर्थाने लिनक्स म्हणजे फक्त कर्नल, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वाय-फाय यांच्याशी बोलणारा गाभा. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्याच्या भोवतीची बरीच साधने रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘ग्नू’ प्रकल्पातून आली. तो प्रकल्प १९८३ चा. कर्नल, ही साधने, खिडक्या आणि मेन्यू दाखवणारा डेस्कटॉप, ब्राउजर, ऑफिस आणि नवे सॉफ्टवेअर बसवण्याची व्यवस्था हे सारे एकत्र बांधून जो देतो तो ‘डिस्ट्रो’. गोडा मसाल्यासारखेच हे. जिन्नस बहुतेक तेच, प्रमाण आणि भाजणे घरागणिक वेगळे, आणि प्रत्येक घराला आपलाच खरा वाटतो.

स्लॅकवेअर आणि डेबियन हे १९९३ चे. डेबियनमधून २००४ मध्ये उबुंटू निघाले, उबुंटूमधून २००६ मध्ये मिंट. ‘डिस्ट्रोवॉच’ या संकेतस्थळावरील चालू डिस्ट्रोंची यादी आज दोनशेच्या पुढे आहे. यात कुणी नियम मोडलेला नाही. कोड घ्या, बदला, पुन्हा वाटा, असे परवान्यातच लिहिलेले आहे. वेगळे होण्याचा हा हक्क अनेकदा उपकारकही ठरला. आज अनेक कार्यालयांत वापरले जाणारे लिबरऑफिस २०१० मध्ये अशाच फुटीतून जन्मले. ओपनऑफिस ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर त्याच्या लेखकांतील मोठा गट कोड घेऊन बाहेर पडला. तो हक्क नसता तर ते सॉफ्टवेअर एका कंपनीच्या मर्जीवर राहिले असते.

भांडणे नेमकी कशावरून झाली?

बाहेरून पाहणाऱ्याला ही सारी अहंकाराची भांडणे वाटतात. काही होतीही. पण मोठ्या फुटींच्या मुळाशी खरे प्रश्न होते, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढची चर्चा प्रामाणिक होत नाही.

माटियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने १९९६ मध्ये केडीई सुरू केले. लिनक्सला विंडोजसारखा सुटसुटीत डेस्कटॉप हवा होता आणि तो मिळू लागला. मात्र केडीई ज्या ‘क्यूटी’ या साधनसंचावर उभे होते, तो ट्रोलटेक या नॉर्वेच्या कंपनीचा होता आणि त्याचा परवाना मुक्त नव्हता. मुक्त प्रणालीचा चेहराच एका कंपनीच्या कागदावर अवलंबून असावा, हे अनेकांना पटेना. म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी ग्नोमची सुरुवात केली. तत्त्वाचा मुद्दा होता. पुढे २००० मध्ये क्यूटीला जीपीएल हा मुक्त परवाना मिळाला आणि भांडणाचे मूळ कारणच संपले. पण तोवर दोन्हीकडे लाखो ओळींचा कोड, दोन्हीकडे माणसे, दोन्हीकडे सवयी तयार झाल्या होत्या. वाटणी झालेल्या घरात मधली भिंत नंतर कुणी पाडत नाही, तसे झाले. आज पंचवीस वर्षांनंतरही डेस्कटॉप दोन मुख्य घरांतच विभागलेला आहे.

२०११ ची गोष्ट वेगळी. त्या एप्रिलमध्ये ग्नोमने आपली तिसरी आवृत्ती आणली आणि ओळखीचा मेन्यू, खालची पट्टी, सगळेच बदलले. त्याच महिन्यात उबुंटूने ‘युनिटी’ हा स्वतःचा चेहरा मुख्य केला. जुने ग्नोम आवडणाऱ्यांनी त्याचे ‘माटे’ करून जिवंत ठेवले. मिंटने ‘सिनॅमन’ घडवले. एका बदलातून चार वाटा. युनिटी उबुंटूनेच २०१७ मध्ये सोडली आणि पुन्हा ग्नोम धरले. त्यासोबत पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी बांधलेली ‘मिर’ ही स्वतंत्र यंत्रणाही डेस्कटॉपपुरती गुंडाळली, कारण बाकीचे सगळे ‘वेलँड’कडे निघाले होते. सहा वर्षांचे काम बव्हंशी बाजूला पडले. इथे मात्र तत्त्वापेक्षा हट्टच जास्त होता, असे म्हणावे लागते.

उलट उदाहरणही आहे. संगणक सुरू होताना कोणती सेवा कधी चालू करायची, हे पाहणाऱ्या ‘सिस्टमडी’वरून २०१३-१४ मध्ये डेबियनमध्ये अक्षरशः रण पेटले. तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीचा पर्याय जिंकला. नाराजांनी ‘देवुआन’ हा वेगळा डिस्ट्रो काढला. पण उबुंटूने आपली ‘अपस्टार्ट’ सोडून डेबियनचा निर्णय मान्य केला आणि आज प्रमुख डिस्ट्रोंपैकी बहुतेक सगळे त्याच पायावर आहेत. म्हणजे कडाक्याचे भांडणही कधी एकीपर्यंत पोहोचते. फक्त कुणीतरी हार मानावी लागते.

मग बिघडते कुठे?

चेहरे वेगळे असण्याने फारसे बिघडत नाही. तुमच्या हातात सॅमसंगचा फोन असेल आणि शेजाऱ्याच्या हातात शाओमीचा, तर दोघांचे मेन्यू, सेटिंग, रंग वेगळे असतात. तरी व्हॉट्सअ‍ॅप दोघांकडे तेच चालते. लिनक्स डेस्कटॉपवर नेमके हेच अनेक वर्षे जमले नाही.

या दुखण्याचा सर्वात वजनदार तक्रारदार खुद्द टोरवाल्ड्स आहेत. त्यांना पाण्याखाली डायव्हिंग करण्याचा छंद आहे आणि डायव्हच्या नोंदी ठेवणारे ‘सबसर्फेस’ हे अ‍ॅप त्यांनी २०११ मध्ये सुरू केले. २०१४ मध्ये डेबियनच्याच वार्षिक संमेलनात, त्याच लोकांसमोर बसून, त्यांनी सांगितले की या अ‍ॅपच्या तयार फाइली विंडोज आणि मॅकसाठी बनवल्या जातात, लिनक्ससाठी नाहीत, कारण ते काम फार त्रासाचे आहे. लिनक्सच्या जनकाचे अ‍ॅप लिनक्सवर पोहोचवणे सर्वात कठीण, यापेक्षा बोलके उदाहरण सापडणार नाही.

त्रास कसला? प्रत्येक प्रोग्राम काही सामायिक ग्रंथालयांवर विसंबून असतो. त्यांतले सर्वात पायाचे ‘जीलिबसी’. नव्या डिस्ट्रोवर, नव्या जीलिबसीसोबत तयार केलेला प्रोग्राम जुन्या डिस्ट्रोवर बरेचदा सुरूच होत नाही. त्यात डेबियन आणि उबुंटूच्या घराण्यात सॉफ्टवेअरचे गाठोडे ‘डेब’ प्रकारचे, रेड हॅट-फेडोरा आणि सुसे यांच्याकडे ‘आरपीएम’, आर्चकडे तिसरेच. डिस्ट्रोच्या प्रत्येक आवृत्तीत ग्रंथालयांचे आकडे बदलतात. मोठ्या कंपनीला हा खर्च झेपतो. नाशिक किंवा नागपुरात दोन-तीन जणांनी बनवलेल्या हिशेबाच्या किंवा दवाखान्याच्या सॉफ्टवेअरला नाही. तो उत्पादक सरळ म्हणतो, आम्ही विंडोजच देतो. टॅलीही विंडोजसाठीच बनते. आणि एकदा दुकानाचा हिशेब टॅलीत असला की लिनक्स किती हलके आणि किती सुरक्षित, या चर्चेला अर्थ उरत नाही.

एकीचे प्रयत्न झालेच नाहीत?

झाले, आणि तिथेही तोच खेळ झाला. ‘लिनक्स स्टँडर्ड बेस’ नावाचा सामायिक नियमसंच २००१ मध्ये आला. त्याने आरपीएम हे गाठोडे प्रमाण धरले, जे डेबियनचे नव्हतेच. २०१५ मध्ये डेबियनने त्याचा नाद बव्हंशी सोडला आणि तो नियमसंचही पाचव्या आवृत्तीनंतर पुढे सरकला नाही. त्याआधी २००२ मध्ये काल्डेरा, सुसे, टर्बोलिनक्स, कोनेक्टिव्हा या चार कंपन्यांनी ‘युनायटेडलिनक्स’ काढले. त्यांतल्या काल्डेराने एससीओ हे नाव घेतले आणि २००३ मध्ये लिनक्सवरूनच आयबीएमवर दावा ठोकला. एकी तिथेच संपली.

गेल्या दहा वर्षांतला मार्ग जास्त शहाणपणाचा आहे. सगळे डिस्ट्रो एक करण्याऐवजी अ‍ॅपनेच आपली लागणारी ग्रंथालये सोबत आणावीत आणि कुठेही चालावे, अशी ही कल्पना. पण ती राबवताना तीन गट झाले : फ्लॅटपॅक, उबुंटूचे स्नॅप आणि त्याहून जुने अ‍ॅपइमेज. फाटाफुटीवरचे औषधही तीन बाटल्यांतून आले! स्नॅपचे भांडार कॅनोनिकल ही उबुंटूमागची एकच कंपनी चालवते आणि त्या भांडाराचा सर्व्हरकडचा कोड खुला नाही. नेहमीच्या पद्धतीने क्रोमियम ब्राउजर मागितला तरी उबुंटू गुपचूप स्नॅप बसवते, या तक्रारीवरून २०२० मध्ये मिंटने स्नॅपला आपल्या घरात बंदी घातली. २०२३ मध्ये उबुंटूने आपल्या सर्व उपप्रकारांत फ्लॅटपॅक मुळातून न देण्याचा निर्णय घेतला. दोन्ही बाजूंना आपापली कारणे आहेत. पण घरी बसून व्हिडीओ एडिटर शोधणाऱ्याला त्या कारणांशी काय देणेघेणे?

यातली आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. स्वतःचा शिधा सोबत घेऊन येणारी ही अ‍ॅप डिस्कवर जास्त जागा घेतात. ज्या जुन्या, चार जीबी रॅमच्या यंत्रासाठी लिनक्स सुचवले जाते, त्यालाच ती जड जातात.

मराठी टाइप करणाऱ्याला काय फरक पडतो?

बराच. इन्स्क्रिप्ट येत असेल तर प्रश्न छोटा आहे. तो कळफलक जवळपास सगळीकडे तयार असतो, सेटिंगमध्ये जाऊन जोडायचा. पण फोनवर रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना डेस्कटॉपवर वेगळी ‘इनपुट पद्धत’ लागते. ग्नोममध्ये आयबस नावाची यंत्रणा आधीच गुंफलेली असते. भाषा जोडा, मराठीची पद्धत निवडा, झाले. केडीईत वेलँडवर काम करताना तीच गोष्ट सेटिंगमधील ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ नावाच्या पानावर जाऊन निवडावी लागते. पडद्यावरचा कळफलक कुणाला हवा होता? हे पान मराठी टायपिंगचे असेल असे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. इंटरनेटवर मिळणारे मार्गदर्शन बहुतेक उबुंटूच्या ग्नोमचे असते. उपाय बरोबर असतो, पण शेजारच्या घराचा. माणूस तासभर झटतो आणि निष्कर्ष काढतो की लिनक्सवर मराठी नीट चालत नाही.

खरे तर चालते, आणि त्यात पुण्याचा हात आहे. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांनी ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे मुक्त फॉन्ट वर्षानुवर्षे सांभाळले. ते काम एका डिस्ट्रोत अडकले नाही. फेडोरात गेले, डेबियनमध्ये गेले, उबुंटूत गेले. एकदा केलेले काम मूळ प्रकल्पात ठेवले की ते सगळ्यांच्या घरी पोहोचते. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अँड्रॉइडला जमले ते इथे का नाही?

अँड्रॉइडच्या गाभ्यातही लिनक्स कर्नलच आहे. जगातील सर्वात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. म्हणजे दोष कर्नलचा नाही. स्टॅटकाउंटरच्या मोजणीत जगभरच्या डेस्कटॉपवर मात्र लिनक्सचा वाटा फेब्रुवारी २०२४ मध्ये कुठे पहिल्यांदा चार टक्क्यांच्या वर गेला.

फोनवर फाटाफूट आवरली गेली, कारण तिथे एक मालक आहे. गूगलची अ‍ॅप आणि प्ले स्टोअर हवे असेल, तर फोन कंपनीला गूगलने ठरवलेल्या सुसंगतीच्या अटी आणि चाचण्या पार कराव्या लागतात. रंग तुमचा, मेन्यू तुमचा, पण अ‍ॅप चालवण्याचा पाया आमच्या मापाचा. व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही फोनवर चालते ते यामुळे.

पण या शिस्तीची पावती आपल्यापुढे आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आयोगाने तपासलेल्या करारांत एकाचे नावच ‘अँटी-फ्रॅगमेंटेशन’, म्हणजे फाटाफूट-प्रतिबंधक करार असे होते! फोन कंपन्यांनी अँड्रॉइडचे वेगळे अवतार बनवण्याची आणि विकण्याची वाट या करारांमुळे अडते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. अपिलात काही निर्देश रद्द झाले, दंड मात्र कायम राहिला. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये ४३४ कोटी युरोंचा जो दंड केला, त्यामागेही असाच करार एक कारण होता. तो दंड पुढे न्यायालयाने थोडा कमी केला. तेव्हा लिनक्स डेस्कटॉपवर एकी नाही म्हणून हळहळताना, एकी कुणाच्या हातातल्या चावीने येणार, हेही विचारले पाहिजे. एका मालकाची एकी हवी असेल तर ती विंडोजवर आधीच मिळते.

मालकाविना कुणाला जमले?

जिथे कुणीतरी इतरांच्या वतीने निवड केली आणि त्या निवडीची जबाबदारी उचलली, तिथे जमले.

व्हॉल्व्ह या गेम कंपनीने २०१५ मध्ये डेबियनवर आधारित गेमिंग संगणक आणले. ते चालले नाहीत, कारण लिनक्ससाठी गेम बनवायला फारसे कुणी तयार नव्हते. मग तिने विंडोजचे गेम तसेच्या तसे लिनक्सवर चालवणारे ‘प्रोटॉन’ २०१८ पासून उभे केले आणि २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात मावणारे यंत्र बाजारात आणले. आत आर्च आहे, केडीई आहे, बाकीच्या अ‍ॅपसाठी फ्लॅटपॅक आहे. घेणाऱ्याला यातले एकही नाव माहीत असण्याची गरज नाही. गंमत अशी की लिनक्सवर सर्वांत स्थिर, कुठेही चालणारा पाया कोणता ठरला, तर विंडोजच्या प्रोग्रामचा. लिनक्सवाले हा विनोद स्वतःच करतात, जरा ओशाळून.

दुसरे उदाहरण घराजवळचे. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ उपक्रमातून सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणले. त्याचेच पुढे ‘काइट’ झाले. शाळांसाठीची प्रणाली उबुंटूवर बांधलेली असते आणि त्यात अभ्यासक्रमाला लागणारे सॉफ्टवेअर घातलेले असते. उबुंटू १८.०४ वर आधारित आवृत्ती आली तेव्हा, २०१९ मध्ये, परवाना शुल्कात सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचतात, असा काइटचा दावा होता. आकडा बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, परीक्षा त्याच प्रणालीवर झाल्या, अडले तर विचारायला माणूस होता. केरळच्या शिक्षकाला ‘कोणते लिनक्स?’ हा प्रश्न पडलाच नाही. आपल्याकडच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांनाही तो पडला नाही. ई-कोर्ट प्रकल्पात देशभर उबुंटू ठरवून दिले गेले.

म्युनिकची कथा सावध करणारी आहे. या जर्मन शहराने २००३ मध्ये निर्णय घेऊन ‘लिमक्स’ ही स्वतःची प्रणाली बनवली, आधी डेबियनवर, मग उबुंटूवर. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले. २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचे ठरवले. राजकारण होतेच. पण स्वतःचा वेगळा डिस्ट्रो सांभाळण्याचा भार एका महानगरपालिकेच्या अंगावर होता, आणि तो मागे पडत गेला तशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या.

सरकारने नवे लिनक्स बनवावे का?

सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली आणली. भारतीय भाषांतला मेन्यू, ज्यात मराठीही आहे, हा तिचा विशेष. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयासाठी उबुंटूवर आधारित ‘माया’ची बातमी आली. संरक्षण खात्याची गरज वेगळी असू शकते. तिथे यंत्रावर काय चालते याची खातरजमा स्वतः करणे समजण्यासारखे आहे. पण ‘स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम’ या शब्दांचा मोह त्यापलीकडे पसरतो, आणि तिथे हरकत घ्यायला हवी. डेबियनवर नाव, चित्र आणि भाषांतर चढवून तयार होणारी प्रणाली म्हणजे दोनशेच्या यादीत आणखी एक नाव. डेबियनची सुरक्षा दुरुस्ती आधी मूळ प्रकल्पात येते, मग तिथून इथे यायला लागणारा वेळ ही धोक्याची फट असते. शिवाय भाषांतर त्या एका डिस्ट्रोत राहिले तर उबुंटू वापरणाऱ्या मराठी माणसाला त्याचा उपयोग शून्य.

लोहित फॉन्टचे उदाहरण लक्षात ठेवा म्हटले ते यासाठी. सरकारी पैसा मूळ प्रकल्पांत गेला, म्हणजे ग्नोमच्या मराठी भाषांतरात, आयबसच्या मराठी पद्धतींत, लिबरऑफिसच्या मराठी शब्दतपासणीत, तर तो प्रत्येक डिस्ट्रोतून परत मिळेल. आणि कार्यालयांना, शाळांना नवे नाव देण्याऐवजी अस्तित्वात असलेला एक डिस्ट्रो ठरवून द्यावा, त्यावर प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, निविदांची संकेतस्थळे चालतात याची चाचणी करावी आणि यादी जाहीर करावी. यात उद्घाटनाला फीत कापण्यासारखे काही नाही, हीच बहुधा अडचण आहे.

तोवर घरच्या संगणकावर काय टाकावे?

सर्वोत्तम डिस्ट्रोचा शोध सोडून द्या. तुमच्या आसपास जो माणूस रविवारी फोन उचलेल, तो जे वापरतो तेच घ्या. असा कुणी नसेल तर मिंट किंवा उबुंटूची दीर्घकालीन पाठिंब्याची आवृत्ती. उबुंटू २४.०४ ला आणि त्यावर बांधलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. इंटरनेटवर मिळणारी बहुतेक उत्तरे याच घराण्याची असतात. विंडोजची सवय असेल तर मिंटचा सिनॅमन ओळखीचा वाटेल.

यंत्र फारच जुने, ३२-बिट प्रोसेसरचे असेल तर मात्र पर्याय झपाट्याने आटत आहेत. उबुंटूने अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे केव्हाच थांबवले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ते थांबवले.

टॅलीवर धंदा असेल किंवा एखाद्या सरकारी संकेतस्थळासाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरत असाल, तर आधी टोकन देणाऱ्या कंपनीच्या पानावर पाहा : लिनक्ससाठीचा ड्रायव्हर आहे का, आणि असल्यास डेब आहे की आरपीएम. आणि इन्स्टॉल करण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून प्रणाली तशीच चालवून बघा. डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय जोडले जाते का, प्रिंटरवर एक पान निघते का, मराठीत दोन ओळी टाइप होतात का, बँकेचे संकेतस्थळ उघडते का, एवढे तपासायला अर्धा तास पुरतो. एकही अडले तर पेन ड्राइव्ह काढा, संगणक पुन्हा सुरू करा. जुने विंडोज जिथल्या तिथे असेल.